एमएस प्रोजेक्टमध्ये डब्ल्यूबीएस नीट कसा लावायचा (बंगल्याचं शेड्यूल घेऊन)

डब्ल्यूबीएस म्हणजे वर्क ब्रेकडाउन स्ट्रक्चर, पूर्ण कामाची लहान लहान तुकड्यांत केलेली फोड. बरेच जण एमएस प्रोजेक्ट (शेड्यूल बनवायचं सॉफ्टवेअर) उघडतात आणि सुचतील तशा अ‍ॅक्टिव्हिटी टाइप करत सुटतात, मग शेवटी चार ओळी इंडेंट केल्या की झाला डब्ल्यूबीएस. तसा तो होत नाही. आधी कागदावर नाहीतर एक्सेलमध्ये लिहून काढा की मालकाच्या हातात शेवटी काय काय पडणार आहे. समजा ग्राउंड प्लस वन बंगला आहे, तर वरच्या लेव्हलला सिव्हिल टीम, प्लंबिंग टीम, इलेक्ट्रिकल टीम असं पाडू नका, तो तुमच्या ऑफिसचा नकाशा झाला, बंगल्याचा नाही. परवानग्या, जोत्यापर्यंतचं काम, आरसीसी फ्रेम, वीटकाम-प्लास्टर, फिनिशिंग, कंपाउंड वगैरे बाहेरचं काम, हँडओव्हर असं पाडा. आणि खालच्या तुकड्यांची बेरीज वरच्या कामाएवढीच भरली पाहिजे, यालाच १०० टक्के नियम म्हणतात. हमखास राहून जातं ते जोता तपासणी, वीज मीटर, पाण्याचं कनेक्शन आणि भोगवटा प्रमाणपत्र.

आता सॉफ्टवेअर. खाली स्टेटस बारवर न्यू टास्क्स मॅन्युअली शेड्यूल्ड असं दिसत असेल तर पहिलं ते ऑटो करा, नाहीतर लिंक (कुठलं काम कुठल्या कामानंतर) दिल्या तरी पुढे तारखा आपोआप सरकत नाहीत. कॅलेंडरही बघा, मूळ सेटिंगमध्ये शनिवार-रविवार सुट्टी असते आणि आपल्या साइटवर शनिवारी काम चालूच असतं. मग ओळी टाका, ऑल्ट-शिफ्ट धरून उजवा बाण दाबला की ओळ आत जाते, डावा दाबला की बाहेर येते. डब्ल्यूबीएस नावाचा कॉलम इन्सर्ट करून ठेवा, कोड समोर दिसले की कुठली ओळ चुकीच्या बापाखाली गेलीय ते लगेच कळतं.

किती बारीक फोडायचं? ८ ते ८० तासांचा एक ठोकताळा आहे, म्हणजे साधारण एक दिवस ते दोन आठवडे. पहिल्या मजल्याचा स्लॅब घ्या. तो झाला समरी (खालच्या कामांची एकत्र वरची ओळ), त्याखाली सेंटरिंग, सळई बांधणं, कंड्युट (वायरिंगचे पाइप) टाकणं, आरसीसी कन्सल्टंटचं स्टील चेकिंग (शून्य दिवसांचा माइलस्टोन, म्हणजे नुसता टप्पा), स्लॅब भरणं, क्युरिंग, सेंटरिंग काढणं. आयएस ४५६:२००० या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलँड) सिमेंटला ४.५ मीटरपर्यंतच्या स्पॅनचे टेकू ७ दिवस ठेवायचे, त्याहून मोठा स्पॅन असेल तर १४ दिवस. स्लॅब भरणं आणि सेंटरिंग काढणं यांच्या लिंकमध्ये हा लॅग (दोन कामांमधली थांबायची मुदत) साधा ७ डी न टाकता ७ ईडी टाका, ईडी म्हणजे इलॅप्स्ड, त्यात सुट्ट्याही मोजल्या जातात, काँक्रीट काही रविवारची सुट्टी घेत नाही. क्युरिंग मात्र लॅगमध्ये लपवू नका, स्वतंत्र ओळ ठेवा, कारण पाणी मारायला माणूस लागतो आणि ब्लेंडेड (फ्लाय अ‍ॅश वगैरे मिसळलेलं) सिमेंट असेल तर किमान १० दिवस लागतो.

लिंक फक्त सगळ्यात खालच्या ओळींना द्यायच्या. आरसीसी फ्रेमच्या समरीला प्रेडिसेसर (आधी संपायला हवं ते काम) दिला की आतली सगळी कामं त्याच्या मागे अडकतात आणि नंतर तारीख का हलत नाही ते शोधत बसावं लागतं. समरीचा कालावधी हाताने टाइप केलात तर ती ओळ मॅन्युअल होऊन बसते, आणि टक्के टाकलेत तर ते खालच्या कामांवर पसरतात, तेव्हा ते दोन्ही सॉफ्टवेअरला मोजू द्या.

प्रायमाव्हेरा पी६ हे शेड्यूलिंगचं दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना हा त्रास कमी, तिथे डब्ल्यूबीएसचं झाड वेगळंच असतं आणि अ‍ॅक्टिव्हिटी त्याच्या फांदीला लावायच्या, फांदीला लिंक देताच येत नाही.

मालकाला दाखवताना व्ह्यू टॅबमधल्या आउटलाइनमधून लेव्हल २ पर्यंतच उघडं ठेवा, कॉन्ट्रॅक्टरला मात्र पूर्ण उलगडून द्या.