दहा जणांची स्कूबा ट्रिप: या चुका टाळा

कोमट पाण्याच्या समुद्रात आठवडाभर डायव्हिंग करायचं, हे एका मेसेजमध्ये ठरतं आणि पहिला घोळही तिथेच होतो. ठिकाण सुचवतो तो ग्रुपमधला सगळ्यात मुरलेला गडी. दोनशे डायव्ह झालेल्याला शार्क आणि जोराचा करंट (पाण्याचा प्रवाह) हवा असतो. त्याच ग्रुपमध्ये गेल्या वर्षी सर्टिफिकेट मिळालेले, जेमतेम सहा डायव्ह केलेले दोघं असतात आणि ते उत्साहाच्या भरात ‘चालेल’ म्हणतात.

चालत नाही. ओपन वॉटर सर्टिफिकेटवर खोलीची मर्यादा १८ मीटर, अ‍ॅडव्हान्स्डवर ३०. इजिप्तच्या लाल समुद्रात ब्रदर्स किंवा डेडालस या दूरच्या प्रवाळखडकांवर लिव्हअबोर्डने (मुक्कामाच्या डायव्हिंग बोटीने) जायचं तर लॉगबुकात किमान ५० डायव्ह मागतात. मालदीवमध्ये मर्यादा ३० मीटर, पण तिथल्या अ‍ॅटॉलमधल्या (कंकणाकृती प्रवाळबेटांमधल्या) खिंडींत नवख्याची दमछाक करतो तो करंट. म्हणून पैसे भरण्याआधी प्रत्येकाकडून तीन गोष्टी लिहून घ्या: सर्टिफिकेट कोणतं, एकूण डायव्ह किती, शेवटचा कधी. तिसऱ्या उत्तराकडे नीट बघा. शंभर डायव्ह झालेला, पण तीन वर्षं पाण्याला न शिवलेला माणूस पहिल्या दिवशी नवखाच असतो. त्याला आधी स्विमिंग पुलात रिफ्रेशर करायला लावा. आणि ठिकाण ठरवताना ग्रुपमधल्या सगळ्यात कच्च्या डायव्हरला काय झेपेल ते बघा. कॅरिबियनमधल्या बोनेअरला किनाऱ्यावरूनच पाण्यात उतरता येतं, त्यामुळे प्रत्येक जोडी आपापली खोली आणि वेळ ठरवू शकते. मिश्र ग्रुपसाठी मला हे फार सोयीचं वाटतं.

मेडिकल फॉर्म काउंटरवर भरणे

पहिल्या सकाळी सगळे स्विमसूट घालून उभे, बोट सुटायला वीस मिनिटं, आणि हातात आरोग्याची प्रश्नावली. दम्याच्या किंवा रक्तदाबाच्या रकान्यात ‘हो’ लिहिलं की डॉक्टरांची सही लागते. मग एकतर तो माणूस किनाऱ्यावर राहतो किंवा खोटं ‘नाही’ लिहून पाण्यात उतरतो. दुसरा प्रकार जिवावर बेतू शकतो. फॉर्म दोन महिने आधी मागवा, म्हणजे सहीसाठी वेळ मिळेल. त्याच वेळी विमाही तपासा: साध्या प्रवासविम्यात डायव्हिंग अनेकदा वगळलेलं असतं किंवा ठरावीक खोलीपर्यंतच धरलेलं असतं. रिकम्प्रेशन चेंबरचे (डायव्हिंगच्या आजारावर जादा दाबाच्या बंद खोलीत होणारे) उपचार त्यात आहेत का, हे शब्दशः वाचून घ्या.

एकाची हवा संपली की सगळे वर

ग्रुपमधली सगळ्यात जास्त कुरबुर यावरून होते. २० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट, म्हणजे प्रत्येक श्वासाला हवाही तिप्पट जाते. धापा टाकणाऱ्याचा गेज (टाकीतल्या हवेचा दाब बारमध्ये दाखवणारा काटा) पंचवीस मिनिटांत ५० बारवर येतो आणि बाकीच्यांना ११० बार शिल्लक असताना वर यावं लागतं. बडीच्या (पाण्याखालच्या जोडीदाराच्या) जोड्या नात्यावरून लावू नका, हवेच्या खपावरून लावा. (जोडपी घरी एकत्र असतातच.) आठ जणांमागे एकच गाइड असेल तर चार-चारचे दोन गट मागून घ्या.

हवा पिणाऱ्या माणसाला टोमणे मारण्याआधी त्याचं शिसं (खाली जाण्यासाठी अंगावर बांधलेलं वजन) मोजा. बहुतेक वेळा दोन-तीन किलो जादा निघतं. जादा वजनामुळे तो बुडतो, म्हणून बीसीडीत (तरंगणं सांभाळायच्या फुगणाऱ्या जाकिटात) हवा भरतो, मग वर तरंगतो, मग सोडतो. सगळा डायव्ह या झटापटीत जातो. तपासणी डायव्हच्या शेवटी करायची, टाकीत ५० बार असताना. बीसीडी रिकामा करून नेहमीसारखा श्वास घेऊन थांबा. पाणी डोळ्यांच्या रेषेत यायला हवं आणि श्वास सोडल्यावर तुम्ही हळूच खाली जायला हवं. भरलेल्या टाकीवर तपासलं तर फसाल, कारण डायव्हमध्ये सुमारे दोन किलो हवा खर्च होते आणि सेफ्टी स्टॉपला, म्हणजे वर येतानाच्या शेवटच्या थांब्याला, ५ मीटरवर, तुम्ही बुचासारखे वर निघता. लाल समुद्राचं पाणी जास्त खारट आहे, तिथे उलट एखाद-दोन किलो वाढवावं लागतं. सूट, टाकी आणि वजन लॉगबुकात लिहून ठेवा.

कानाला दडे आणि भीड

कान दुखेपर्यंत थांबू नका. पहिल्या मीटरपासून मोकळे करत जा, दोरी धरून, पाय खाली ठेवून. अडलं तर एक मीटर वर या, पुन्हा करून बघा. जोर लावू नका. सर्दीची गोळी घेऊन उतरणं तर नकोच: पाण्याखाली तिचा असर ओसरला की वर येताना हवा कानात अडकते.

हे सगळ्यांना माहीत असतं, तरी नाक गळत असताना लोक उतरतात, कारण बडी एकटा पडेल, बोट थांबलीय, सगळे बघतायत. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते इथे पटतं. कुणीही, कधीही, कारण न सांगता डायव्ह रद्द करू शकतो, हा डायव्हरांचा जुना नियम आयोजकाने पहिल्याच रात्री मोठ्याने सांगावा. शक्य झालं तर स्वतःच एखादा डायव्ह सोडून दाखवावा.

डोकी मोजणे

जानेवारी १९९८मध्ये ग्रेट बॅरिअर रीफवर एक अमेरिकन दांपत्य पाण्यात असतानाच बोट परत गेली. दोन दिवसांनी बोटीवर त्यांची बॅग दिसली तेव्हा ते राहून गेल्याचं लक्षात आलं. ते कधीच सापडले नाहीत. बोटीवर माणसं सतत हलत असतात, एकच डोकं दोनदा मोजलं जातं. नावं पुकारा; ज्याचं नाव त्यानेच ‘हो’ म्हणायचं, ‘तो खाली झोपलाय’ हे उत्तर धरायचं नाही. क्रूने मोजलं असलं तरी ग्रुपने आपलं वेगळं मोजावं. पाण्याखाली चुकामूक झाली तर एक मिनिट शोधा, मग सावकाश वर या. सिग्नल बॉय (buoy, पाण्यावर खुणेसाठी फुगवायची रंगीत नळी) प्रत्येकाकडे हवा, आणि तो फुगवायचा सराव आधीच झालेला हवा.

पाणी २८ अंश म्हणून अर्ध्या बाह्यांचा सूट नेऊ नका. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पटीने लवकर अंगातली उष्णता ओढतं. चौथ्या दिवशी तिसऱ्या डायव्हला दात वाजतात. ३ मिलिमीटरचा पूर्ण सूट न्या. टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेत ठेवा.

परतीचं विमान

अनेक दिवस डायव्हिंग झालं असेल तर शेवटच्या डायव्हनंतर किमान १८ तास विमान नको. डीकम्प्रेशन थांबे (अंगात विरघळलेला नायट्रोजन निघून जावा म्हणून वर येताना सक्तीने थांबणं) घ्यावे लागले असतील तर त्याहूनही जास्त. घोळ होतो तो वेगवेगळ्या तिकिटांमुळे: सात जण रात्री निघणार, तिघं सकाळी, आणि आदल्या दुपारचा डायव्ह सगळ्यांसाठी बुक केलेला. त्या तिघांचा हिशोब त्यांच्याच विमानापासून उलटा मोजा. डायव्ह कॉम्प्युटरही (खोली आणि वेळेवरून सुरक्षित मर्यादा सांगणारं मनगटी यंत्र) ज्याचा त्याचा हवा. आठवड्याच्या मध्येच मित्राचा उसना घातला तर तुमच्या आदल्या डायव्हची त्याला खबर नसते, आणि तो दाखवेल ती उड्डाणाची वेळ तुमच्या मित्राची असते.