कुत्र्यासाठी बॉल निवडताना या चुका टाळा, नाहीतर दात जातील

कापूस घरात आला, हरभरा-गहू निघाला की विदर्भात गावोगावी मोकळ्या वावरात टेनिस बॉलचे सामने सुरू होतात. केस गेलेला, फुटायला आलेला, मातीनं काळा पडलेला बॉल पोट्टे फेकून देतात आणि तो कुत्र्याच्या वाट्याला येतो. कुत्रा खूश, पोट्टे खूश. दोनेक वर्षांनी त्याच कुत्र्याचे सुळे पाहावेत. टोक गेलेलं, वरून सपाट, मधोमध तपकिरी ठिपका. घरचे म्हणतात म्हातारं झालं, आणि वय असतं जेमतेम चार-पाच वर्षं.

"काऊन हो भाऊ, आता कुत्र्याच्या दाताचंबी पाहाव लागते काय?" असं कोणी विचारलं तर म्हणावं, हो, पाहावं लागते. मोठ्या कुत्र्याला ४२ दात असतात आणि एकदा पडलेला पक्का दात परत येत नाही. शिवाय कुत्र्याच्या दातावरचं कवच पातळ असतं. माणसाच्या दाढेवर ते जाड जागी दोन-अडीच मिलिमीटर भरतं, कुत्र्याच्या दातावर एक मिलिमीटरही नसतं. त्यामुळे आपल्याला जे घासणं किरकोळ वाटतं, ते त्याला महागात पडतं.

टेनिस बॉल मऊ असतो, मग काय बिघडतं?

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, म्हणून जरा सविस्तर.

टेनिस बॉल दाबला तर दबतो, त्यामुळे दात तुटायची भीती कमी, हे खरं. पण त्याच्यावरचा लोकरीचा आणि नायलॉनचा थर पाहा. नवा असतानाही तो खरखरीतच असतो. वावरात दहा वेळा लोळला, कुत्र्याच्या लाळेनं भिजला, की त्या केसांत माती घट्ट बसते. बॉल चिमटीत धरून केस उलटे फिरवून पाहा, बोटाला कचकच लागेल. मग तो बॉल म्हणजे गोल केलेला पॉलिश पेपर, आणि कुत्रा तो दाढेखाली धरून फिरवत बसतो.

यात आपल्या मातीचाही वाटा आहे. दाताच्या कवचाची कठीणता मोजपट्टीवर साधारण ५ येते आणि गारगोटीची ७. म्हणजे गारगोटीचा कण दाताला ओरखडतो, दात त्याला काही करू शकत नाही. पश्चिम विदर्भातली काळी जमीन नुसती चिकण असते तेव्हा बोटाला मऊ लागते, त्यातली चुनखडीही दातापेक्षा नरमच. पण मुरमाड टेकाडावर, खडीच्या रस्त्यावर खेळ चालला की गारगोटीचे कण आलेच. भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे वैनगंगेच्या वाळूत तर गारगोटीच गारगोटी. नदीच्या पात्रात टेनिस बॉल फेकून कुत्र्याला धावडवणं दिसायला छान, दातांसाठी सगळ्यात वाईट.

घरात टेनिस बॉलच असेल आणि दुसरा येईपर्यंत तोच वापरायचा असेल, तर गवतावर फेका, अधूनमधून पाण्यात खळबळून पिळून घ्या आणि खेळ संपला की उचलून ठेवा. केस सोलून काढायच्या भानगडीत पडू नका. आतलं रबर पातळ असतं, कुत्रा त्याचे दोन तुकडे करून एक गिळतो.

फेकाफेकी संपली तरी बॉल कुत्र्याजवळच

बॉल धावत जाऊन आणण्यानं दात फारसे झिजत नाहीत. झिजतात ते नंतर, सावलीत बसून तासभर चावण्यानं. दिवसभर अंगणात पडलेला बॉल हे चावण्याचं आमंत्रणच. वैशाखात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा उन्हात पडून रबरही तडकतं आणि त्याचे तुकडे सुटायला लागतात.

बॉल आपला, खेळायच्या वेळी काढायचा आणि नंतर कुत्र्याची उडी पोचणार नाही अशा फळीवर ठेवायचा. कुत्रा सोडत नसेल तर ओढाताण करू नका. ओढताना सुळ्यावर आडवा जोर येतो आणि कुत्र्याला तोच खेळ वाटतो. सरळ दोन बॉल ठेवा. दुसरा हातात दाखवला की तोंडातला आपोआप सुटतो. किंवा भाकरीचा तुकडा दाखवा, गावठी कुत्र्यापुढे भाकरीला तोड नाही.

लेदर बॉल, कॉर्क बॉल, कवठ, गोटा

लेदरचा क्रिकेट बॉल जवळजवळ १५६ ते १६३ ग्रॅमचा, आत कॉर्क आणि घट्ट गुंडाळलेला दोरा. जोरात आलेला असा बॉल कुत्र्यानं हवेत झेलला की सुळ्याचं टोक उडतं. कॉर्क बॉलचं तेच. आणि बॉल हाताशी नसला की पोट्टे काय फेकतात? कवठ, कच्चं बेलफळ, नाहीतर धुऱ्यावरचा गोटा. गोट्याची सवय लागलेला कुत्रा पुढं बॉल दिला तरी गोटेच चावतो, आणि मोडायला ती सगळ्यात अवघड सवय. गोटा फेकणं पहिल्याच दिवशी बंद.

वस्तू फार कडक आहे की नाही हे ओळखायला अंगठ्याचं नख पुरतं. नख जोरात रुतवा. खूण उमटली, थोडं आत गेलं तर ठीक. नखच दुमडलं तर ती वस्तू कुत्र्याच्या दाढेसाठी नको. हाच नियम हाडाला लावा. हाड चावून दात साफ होतात असं म्हणतात, पण वरच्या मोठ्या दाढेचा कपचा उडालेली कुत्री बघितली तर बहुतेक वेळा मागं हाड, शिंग नाहीतर दगड निघतो. शिजलेलं हाड तर फुटून टोचतंही.

लहान बॉल

बाजारात दहा-वीस रुपयांत मिळणारे टप्पे खाणारे छोटे रबरी बॉल लेकरांसाठी आहेत. कुत्र्याच्या तोंडात ते घशापर्यंत जातात. मोजायची रीत सोपी: कुत्र्यानं तोंड पूर्ण उघडलं तरी बॉल सुळ्यांच्या मागं सरकता कामा नये. टेनिस बॉल साधारण साडेसहा सेंटिमीटरचा असतो आणि मधल्या चणीच्या गावठी कुत्र्याला तेवढा आकार चालतो. लॅब्राडॉर किंवा जर्मन शेफर्ड असेल तर त्याहून मोठा घ्या, कारण दबणारा बॉल त्यांच्या जबड्यात दबून आत घुसतो.

बॉल अडकलाच, तर कुत्रा खोकतो आहे, श्वास येतो-जातो आहे तोवर तोंडात बोटं घालू नका. बॉल आणखी आत जातो आणि घाबरलेला कुत्रा चावतो. लगेच दवाखान्याचा रस्ता धरा. श्वासच बंद झाला असेल तर वाट पाहायला वेळ नसतो. कुत्र्याला पाठीवर, पोट वर करून झोपवा, दुसऱ्यानं जबडा उघडा धरावा, आणि आपण बाहेरून, जबड्याखाली घशाच्या दोन्ही बाजूंनी अंगठे लावून बॉलच्या मागून तोंडाकडे ढकलावं. निघाला तरी डॉक्टरला दाखवा, घशाला सूज येते.

पोकळ बॉल घेताना भोकं मोजा. एकच भोक असेल तर चाटताना आत हवा ओढली जाऊन जीभ अडकते आणि सुजते. दोन भोकं तरी हवीत.

काटे, कुसळं आणि फवारणी

शहरातल्या सल्ल्यात हे सापडणार नाही. आपल्याकडे बॉल जातो तो बाभळीच्या कुंपणात. रबरात काटा शिरतो आणि वरचं टोक तुटून पडतं, बाहेरून फक्त काळा ठिपका दिसतो. कुत्र्यानं दाबलं की तोच काटा हिरडीत. टेनिस बॉलच्या केसांत पावसाळ्यानंतर कुसळं आणि सराटे भरतात. कुसळ दात आणि हिरडीच्या फटीत एकदा शिरलं की पुढंच सरकत जातं, मागं येत नाही. तोंडाला वास, एका बाजूनं लाळ, पंजानं सारखं तोंड पुसणं, असं दिसलं तर ओठ वर करून हिरड्या पाहा. म्हणून खेळ संपला की बॉलवरून सावकाश हात फिरवायचा. गुळगुळीत रबरी बॉलवर हे काम अर्ध्या मिनिटाचं, टेनिस बॉलवर पाऊण तासाचं.

ताज्या फवारलेल्या पऱ्हाटीत गेलेला बॉल परत कुत्र्याच्या तोंडात देऊ नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, हे सगळ्यांना आठवत असेल. जे औषध माणसाला भोवतं ते पंधरा किलोच्या कुत्र्याला सोडेल काय? केसाळ बॉल ते शोषून घेतो. कुत्र्याला अचानक फेसासारखी लाळ, थरथर सुरू झाली तर औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा. डॉक्टरला नाव वाचता आलं की उपचार लवकर ठरतो.

चिंध्यांचा आणि ट्यूबचा बॉल

चिंध्या घट्ट बांधून केलेला बॉल दातांना खरंच मऊ. पण उसवून धागे गिळणाऱ्या कुत्र्याला नको, लांब धागा आतड्यात गुंतला की ऑपरेशनशिवाय सुटत नाही. सायकलच्या ट्यूबच्या रिंगा गुंडाळलेल्या बॉलचंही तेच. टायरचा तुकडा तर देऊच नका, त्यात तारा असतात.

मग घ्यायचा कोणता?

गुळगुळीत, केस नसलेला, जाड रबराचा, हातानं दाबल्यावर दबून परत फुगणारा, नख रुतणारा, सुळ्यांच्या मागं न जाणारा. पाण्यावर तरंगला तर उत्तम, धुणंही सोपं. तालुक्याच्या खेळाच्या दुकानात किंवा जनरल स्टोअरमध्ये जाड लाल रबरी बॉल मिळतो. तो कुत्र्यांसाठी केलेला नसतो, पण नुसतं फेकायला चालतो, चावायला सोडायचा नाही. कुत्र्यांसाठीचे रबरी बॉल नागपूर-अमरावतीच्या दुकानांत किंवा ऑनलाईन मिळतात. महाग वाटतात, पण नीट ठेवले तर टिकतात. रंगाला निवड असेल तर निळा घ्या. कुत्र्याला लाल आणि हिरवा वेगळा ओळखू येत नाही, लाल बॉल गवतात त्याला नाकानंच शोधावा लागतो.

पिल्लू असेल तर आणखी मऊ. त्याचे २८ दुधाचे दात साडेतीन-चार महिन्यांपासून पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के येतात. या काळात बॉलला थोडं रक्त लागलं तर घाबरू नका, पण ओढाओढीचा खेळ बंद ठेवा.

आणि बॉल फेकायचा तो जमिनीसरसा, सरपटत. उंच टप्पा देऊन कुत्र्याला उडी मारून झेलायला लावलं की दात आणि सांधे दोन्ही दुखावतात.

दात बघायचेच नाहीत

आपल्याकडे कुत्रं खातं दूध-पोळी, भाकरीचा काला. मऊ खाण्याला दुखरा दातही अडवत नाही, म्हणून दुखणं कळत नाही. महिन्यातून एकदा कुत्रा निवांत असताना ओठ वर करून दोन्ही बाजू शेजारी-शेजारी ताडून पाहा. चावऱ्या कुत्र्याचं तोंड उघडू नका, आणि रेबीजची लस दिलेली नसेल तर आधी ती.

काय पाहायचं? टोक सपाट, मधे तपकिरी डाग, पण नख फिरवलं तर गुळगुळीत लागतं: दात हळूहळू झिजला आणि आतून त्यानं स्वतःच थर भरून काढला. बॉल बदला, लक्ष ठेवा. मधोमध काळं भोक किंवा गुलाबी ठिपका असेल तर आतली नस उघडी पडली, ते डॉक्टरचं काम. एखादाच दात जांभळट-राखाडी झाला असेल तर मार लागून आतली नस मेली असण्याची शक्यता जास्त.

एक लक्षण फार फसवतं. डोळ्याखाली अचानक सूज येते, कधी फुटून पू वाहतो. घरचे म्हणतात गांधीलमाशी चावली, नाहीतर काटा लागला. हळद लावतात, इंजेक्शन होतं, सूज उतरते आणि महिन्या-दोन महिन्यांनी तिथंच परत येते. अशा वेळी वरची चौथी उपदाढ, म्हणजे त्या बाजूची सगळ्यात मोठी दाढ, तपासायला सांगा. तिची मुळं डोळ्याखालीच असतात, आणि कपचा उडून मुळाशी पू झाला तर वाट तिथूनच काढतो. दाढेचा इलाज झाल्याशिवाय ही सूज कायमची जात नाही.

घरातली दुखण्याची गोळी कुत्र्याला देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक, पॅरासिटामॉलनं यकृत जातं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दिवस ढोरांच्या कामात जातो, तेव्हा सकाळी जा आणि नेमकं सांगा: कोणता दात, कधीपासून, कोणत्या बाजूनं चावतो. दाताचा एक्स-रे लागला तर डॉक्टर पुढं पाठवतील. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था ही आपल्या भागातली मोठी ठिकाणं. नस उघडी पडलेल्या दाताला दोनच वाटा असतात, मुळाचा उपचार किंवा दात काढणं. काढायचं ठरलं तर कचरू नका. दुखरा दात गेलेला कुत्रा जखम भरली की नीट खायला लागतो, आणि बॉलमागं धावायलाही. फक्त तेव्हा हातात जुना टेनिस बॉल नको.