मोठ्या कॉल सेंटरसाठी एक्स्टेन्शन क्रमांकांची आखणी

पन्नास माणसांच्या कार्यालयात एक्स्टेन्शन क्रमांक (आतल्या फोनांचे छोटे क्रमांक) कसेही दिले तरी निभावून जाते. दीड हजार सीट, तीन शिफ्ट आणि वरचेवर बदलणाऱ्या प्रोसेस (एकेका कंपनीसाठी चालणारी कामे) असलेल्या कॉल सेंटरमध्ये मात्र घाईघाईने दिलेले क्रमांक पुढे कित्येक वर्षे रिपोर्ट, रेकॉर्डिंग आणि डायलप्लॅन (दाबलेला क्रमांक कोठे पाठवायचा याचे नियम) या तिन्हींना त्रास देत राहतात. आखणीचा मूळ नियम एकच आहे, तो म्हणजे क्रमांकात केवळ तीच माहिती भरावी जी सहसा बदलत नाही. इमारत बदलत नाही आणि उपकरणाचा प्रकारही बदलत नाही. प्रोसेस, टीम लीडर, शिफ्ट आणि ज्या कंपनीसाठी काम चालते ती कंपनी, हे सारे बदलते, म्हणून त्यांना क्रमांकात जागा देऊ नये. "बँकेच्या प्रोसेसला ३ ने सुरू होणारे क्रमांक" ही कल्पना पहिल्या दिवशी फार नेटकी वाटते. ती प्रोसेस दुसऱ्या मजल्यावर हलली किंवा बंद पडली की त्याच ३ चा अर्थ कोणालाच लावता येत नाही.

विवेचन सोपे जावे म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पुण्यात दोन इमारती आहेत, पहिलीत ७०० सीट आणि दुसरीत ५००. नाशिकला ३०० सीट आहेत, शिवाय ४०० एजंट घरून सॉफ्टफोनवर (संगणकावरच्या फोन-प्रोग्रामवर) काम करतात. तीन शिफ्ट धरता एजंटांची संख्या पाच हजारांच्या आसपास जाते.

सीट वेगळी, माणूस वेगळा

सर्वांत आधी हे ठरवावे की क्रमांक सीटचा आहे की माणसाचा. एकाच सीटवर दिवसभरात तीन जण बसतात, त्यामुळे एक्स्टेन्शन सीटवरच्या फोनला किंवा संगणकाला द्यावे आणि माणसाला वेगळा एजंट आयडी द्यावा, जो तो शिफ्टच्या सुरुवातीला लॉगिन करताना टाकतो. क्यूमधला (रांगेत थांबलेला) कॉल कोणत्या एक्स्टेन्शनवर वाजवायचा हे या लॉगिनवरून ठरते. हजेरी, कॉलची संख्या आणि क्वालिटीचे गुण हे सारे एजंट आयडीवर नोंदले जाते. घरून काम करणाऱ्यांचा अपवाद मात्र मान्य करावा लागतो, कारण तेथे सॉफ्टफोन एकाच माणसाचा असतो. तरीही त्यांना दोन्ही क्रमांक वेगवेगळेच द्यावेत, म्हणजे तो एजंट उद्या कार्यालयात येऊन बसला तरी त्याचा इतिहास तुटत नाही.

एजंट आयडी सहा अंकी ठेवण्यास हरकत नाही. तो कोणी डायल करत नाही, केवळ लॉगिनच्या चौकटीत टाकतो, त्यामुळे त्याची लांबी एक्स्टेन्शनच्या लांबीशी भांडत नाही. नोकरी सोडून गेलेल्याचा आयडी पुन्हा कोणालाही देऊ नये. एखाद्या ग्राहकाची तक्रार वर्षभराने आली आणि जुने रेकॉर्डिंग शोधावे लागले, तर त्या आयडीखाली दोन माणसे निघणे ही साधी गैरसोय राहत नाही.

पहिला अंक

एक्स्टेन्शनचा पहिला अंक ही सर्वांत महाग जागा असते आणि तिच्यातले काही अंक आधीच गेलेले असतात.

१ हा अंक सोडून द्यावा. भारतात ११२, १००, १०१, १०८, १०९८, १९३० असे आपत्कालीन आणि मदतीचे क्रमांक १ नेच सुरू होतात. एखाद्या सीटला ११२ हा क्रमांक दिलेला असेल, तर आग लागल्यावर ११२ लावणाऱ्या माणसाचा फोन शेजारच्या टेबलावर वाजेल. ११२ हा क्रमांक बाहेरच्या लाइनसाठीचा कोणताही अंक न लावता, प्रत्येक फोनवरून थेट लागला पाहिजे. अमेरिकेत टेक्सस राज्यातल्या मार्शल या गावी डिसेंबर २०१३ मध्ये एका मोटेलमध्ये कारी हंट यांच्यावर जीवघेणा हल्ला झाला, तेव्हा त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीने चार वेळा ९११ लावूनही फोन लागला नाही, कारण त्या खोलीतून बाहेर फोन करण्याआधी आणखी एक ९ दाबावा लागत असे. त्या घटनेनंतर तेथे २०१८ मध्ये कारीज लॉ हा कायदा झाला आणि अनेक लाइनींच्या नव्या फोन यंत्रणांवरून ९११ थेट लागलेच पाहिजे, असे बंधन फेब्रुवारी २०२० पासून लागू झाले. आपल्याकडे अशी वेळ येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. नाशिकच्या सीटवरून लावलेला ११२ पुण्याच्या ट्रंकवरून (टेलिकॉम कंपनीकडे जाणाऱ्या लाइनीवरून) बाहेर पडला, तर कॉल पुण्याहून आल्यासारखा दिसेल. म्हणून या एका क्रमांकासाठी तरी प्रत्येक ठिकाणी स्थानिक लाइन ठेवावी.

० चा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. आपल्या ईपीएबीएक्सवर (कार्यालयातल्या फोन एक्स्चेंजवर) बाहेरची लाइन घेण्यासाठी ० दाबण्याची सवय जुनी आहे. त्यातच १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना क्रमांकाआधी ० जोडणे बंधनकारक झाले. दोन्ही मिळून माणूस ०० आणि पुढे मोबाइल क्रमांक लावतो, आणि ०० म्हणजे तर आयएसडीची सुरुवात. डायलप्लॅनमध्ये ०० ने सुरू होणारे सारे आयएसडीकडे पाठवले असेल, तर ९८ ने सुरू होणारा साधा मोबाइल क्रमांक इराणचा वाटतो आणि ८१ ने सुरू होणारा जपानचा. यावर उपाय असा की एजंटाने फक्त दहा अंक द्यावेत आणि ट्रंकला हवा असलेला ० किंवा ९१ यंत्रणेने बाहेर पडताना स्वतः जोडावा. आयएसडीसाठी निराळा संकेत आणि पिन ठेवावा. ज्यांना गरज नाही त्यांच्यासाठी ती सोय बंदच असावी.

९ हा अंक अनेक कार्यालयांत आणि हॉटेलांत रिसेप्शनला दिलेला असतो. साध्या ॲनालॉग फोनवर एक अंकी ९ ठेवला, तर ० विसरून ९ ने सुरू होणारा मोबाइल लावणारा प्रत्येक जण रिसेप्शनवर पोहोचतो. रिसेप्शनला पाच अंकी क्रमांक द्यावा आणि ९ मोकळा सोडावा.

किती अंकी

उरले २ ते ८, म्हणजे चार अंकी योजनेत ७,००० क्रमांक. आपल्या उदाहरणात सीट आणि घरचे सॉफ्टफोन मिळून १,९०० होतात. प्रत्येक गटाला दुपटीने जागा राखली तर ३,८०० जातात, त्यात क्यू, आयव्हीआर ("मराठीसाठी एक दाबा" सांगणारी यंत्रणा), कॉन्फरन्स, सुपरवायझर आणि सेवा-संकेत आले, आणि एखादी नवी इमारत घेतली की चार अंकांत दाटी होऊ लागते. पाच अंक घ्यावेत. एक अंक जास्त दाबण्याचा त्रास येथे नगण्य आहे, कारण एजंट स्वतः क्रमांक क्वचितच लावतो, ते काम डायलर हा प्रोग्राम करतो.

जी लांबी ठरेल ती सर्वत्र एकच ठेवावी. २०३४ आणि २०३४७ असे दोन्ही क्रमांक अस्तित्वात असतील, तर चार अंक दाबल्यावर पाचवा येतो का याची यंत्रणा वाट पाहते. सिस्को कॉल मॅनेजर या फोन यंत्रणेत ही वाट पाहण्याची मूळ मुदत १५ सेकंदांची आहे, आणि तेवढ्यात माणूस फोन बंद पडला समजून ठेवून देतो. ॲस्टरिस्क या मुक्त फोन-सॉफ्टवेअरवर सिप फोन (इंटरनेटच्या जाळ्यावर चालणारे) बहुधा सगळे अंक एकदम पाठवतात, त्यामुळे तेथे हा दोष लपून राहतो. गेटवेमागचा (जुना फोन नव्या यंत्रणेला जोडणाऱ्या पेटीमागचा) ॲनालॉग फोन जोडला की तो उघडा पडतो.

गट कसे पाडावेत

पहिला अंक ठिकाणाला आणि प्रकाराला द्यावा. पुण्याची पहिली इमारत २, दुसरी ३, नाशिक ४, घरचे सॉफ्टफोन ५, येऊ शकणाऱ्या ठिकाणासाठी ६ राखीव, क्यू आणि आयव्हीआर ७, कॉन्फरन्स, चाचणी आणि इतर सेवा ८. इमारतीच्या आत पुन्हा विभागणी करता येते. २०००१ पासून फ्लोअरवरच्या सीट, २८००० पासून टीम लीडर, क्वालिटी आणि व्यवस्थापक, २९००० पासून बैठकीच्या खोल्या, सुरक्षा चौकी आणि यूपीएसची खोली. सीटवर चिकटवलेल्या पाटीचा आकडा आणि एक्स्टेन्शनचे शेवटचे तीन अंक एकच ठेवावेत. ३४७ क्रमांकाच्या सीटचे एक्स्टेन्शन २०३४७. रात्रीच्या शिफ्टला हेडसेट बदलायला आलेल्या तंत्रज्ञाला मग यादी उघडावी लागत नाही. तक्रार सांगताना हा आकडा "दोन शून्य तीन चार सात" असाच एकेक अंकाने सांगण्याची शिस्त लावावी, कारण एकोणसाठ आणि एकोणसत्तर गोंगाटात सारखेच ऐकू येतात.

मजल्याचा अंक घालण्याचा मोह होतो. माझे मत त्याविरुद्ध आहे, कारण एका मजल्यावरच्या सीट वाढल्या की शंभराचा गट ओसंडतो आणि शेजारच्या मजल्याचा उसना घ्यावा लागतो.

आधीपासून असलेल्या यंत्रणेचे स्वतःचे क्रमांक तपासून घ्यावेत. ॲस्टरिस्कच्या नमुना मांडणीत कॉल पार्किंग (कॉल थांबवून दुसऱ्या फोनवरून उचलण्याची सोय) ७०० वर असते आणि ७०१ ते ७२० या जागा त्यासाठी असतात. व्हिसिडायल या कॉल सेंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये एजंटांच्या कॉन्फरन्स ८६०००५१ पासून सुरू होतात. म्हणून ७० आणि ८६ ने सुरू होणारे गट रिकामे सोडलेले बरे. एजंटाचा कॉल ऐकणे, त्याच्या कानात सूचना देणे किंवा मध्ये शिरणे यांसाठीचे संकेत ताराचिन्हाने सुरू करावेत आणि ते फक्त सुपरवायझरच्या कॉन्टेक्स्टमध्ये (डायलप्लॅनच्या त्यांच्यापुरत्या विभागात) असावेत. संकेत गुप्त ठेवणे हे संरक्षण नव्हे. तो आठवडाभरात साऱ्या फ्लोअरला माहीत होतो.

बाहेरून दिसणारे क्रमांक

टेलिकॉम कंपनी डीआयडी क्रमांक (बाहेरून थेट लागणारे) बहुधा शंभराच्या गटात देते. त्यांचे शेवटचे अंक एक्स्टेन्शनशी जुळवण्याची धडपड करू नये. फ्लोअरवरच्या एजंटाला थेट डीआयडी लागतच नाही. तो व्यवस्थापकांना आणि क्यूंना पुरतो. जाणाऱ्या कॉलवर दिसणारा क्रमांकही सीटवरून नव्हे, तर कॅम्पेनवरून (कॉलच्या मोहिमेवरून) ठरला पाहिजे. प्रचाराच्या कॉलसाठी १४० ची मालिका आहे, आणि सेवा व व्यवहारविषयक कॉलसाठी दूरसंचार विभागाने २०२४ मध्ये १६० ची मालिका राखून दिली. तीच सीट सकाळी एका कामाला आणि संध्याकाळी दुसऱ्या कामाला वापरली जात असेल, तर क्रमांक सीटला बांधल्यास नियमभंग ठरलेलाच आहे.

सुरक्षेबाबत एकच आग्रह धरावा. एक्स्टेन्शन हेच सिपचे युजरनेम कधीही ठेवू नये. इंटरनेटवर उघड्या असलेल्या सर्व्हरवर १००, १०१, १००० असे क्रमांक ओळीने चाचपणारे प्रोग्राम अहोरात्र फिरत असतात, आणि नीटस ओळीत मांडलेली योजना त्यांचे काम सोपे करते. युजरनेम उपकरणाच्या मॅक पत्त्यावरून (त्याच्या कायमच्या ओळख-क्रमांकावरून) किंवा सरमिसळ अक्षरांतून बनवावे.

डायलप्लॅन आणि नोंदवही

ॲस्टरिस्कच्या पॅटर्नमध्ये एक्स म्हणजे कोणताही अंक, झेड म्हणजे १ ते ९ आणि एन म्हणजे २ ते ९. वरची योजना असेल तर प्रत्येक ठिकाणासाठी एक ओळ पुरते, कारण पहिला अंक ठरलेला आणि पुढे चार एक्स. शेवटी टिंब टाकून "पुढे काहीही" असा पॅटर्न लिहिणे टाळावे. टिंब केवळ अंकच नव्हे, इतर चिन्हेही आत घेते. दोन पॅटर्न जुळले तर ॲस्टरिस्क फाइलमधला क्रम पाहत नाही, अधिक नेमका पॅटर्न निवडते, हे नवख्यांना हमखास चकवते.

नोंदवही एकच असावी आणि ती एकाच माणसाच्या जबाबदारीवर असावी. क्रमांक, प्रकार, ठिकाण, दिल्याची तारीख आणि काढून घेतल्याची तारीख एवढे रकाने पुरतात. काढून घेतलेले एक्स्टेन्शन निदान सहा महिने रिकामे ठेवावे. जुन्या योजनेतून नव्या योजनेत जाताना एकेक इमारत घ्यावी आणि जुना क्रमांक लावणाऱ्याला महिनाभर नव्या क्रमांकाकडे वळवावे; सगळे एका रात्रीत बदलण्याचा धाडसी बेत सोमवारी सकाळी महागात पडतो.

चालू करण्यापूर्वी ११२ ची तपासणी प्रत्यक्ष फोन लावून करू नये. ॲस्टरिस्कच्या कन्सोलवर डायलप्लॅन शो या आज्ञेपुढे क्रमांक आणि कॉन्टेक्स्ट दिला की तो क्रमांक नेमक्या कोणत्या ओळीला जुळतो ते दिसते. ही तपासणी एजंट, सुपरवायझर, रिसेप्शन आणि घरचा सॉफ्टफोन या प्रत्येक कॉन्टेक्स्टसाठी स्वतंत्रपणे करावी, कारण ११२ एका कॉन्टेक्स्टमध्ये टाकून इतरांत राहून जाणे ही या कामातली नेहमीची चूक आहे.