इरॅस्मस प्लसचा अर्ज: गरज सांगणारं पान आधी लिहा

दरवर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात युरोपातल्या एखाद्या विद्यापीठाकडून मेल येतो: आमच्या इरॅस्मस प्लस प्रकल्पात भागीदार व्हा, नोंदणी क्रमांक आणि संस्थाप्रमुखांची संमती पाठवा. मराठवाड्यातल्या बऱ्याच महाविद्यालयांचा आंतरराष्ट्रीय निधीशी संबंध इथेच सुरू होतो आणि इथेच संपतो. सही-शिक्का होऊन कागद जातो, पण प्रकल्पात आपलं काम काय आणि आपला वाटा किती, हे कुणी विचारत नाही. अशी सही करू नका. भारतीय विद्यापीठ या योजनेत मुख्य अर्जदारही होऊ शकतं. निदान आपलं काम आणि आपलं बजेट तरी आपणच लिहायला हवं.

युरोपीय संघाच्या इरॅस्मस प्लस कार्यक्रमात (2021 ते 2027) ‘उच्च शिक्षणातील क्षमताबांधणी’ ही योजना आहे. तिचे तीन गट आहेत. नवख्या संस्थेने पहिल्या गटातच अर्ज करावा: 2 ते 4 लाख युरो, मुदत 2 किंवा 3 वर्षं. दुसरा गट 4 ते 8 लाखांचा आहे, तो अनुभवी लोकांसाठी. तिसऱ्यात थेट शिक्षणव्यवस्थेच्या सुधारणा येतात आणि मंत्रालयाला सोबत घ्यावं लागतं. सध्या त्याचा विचार सोडा.

नोंदणी सोपी आहे. युरोपीय संघाच्या निधी पोर्टलवर संस्थेचा नऊ अंकी क्रमांक असतो. नवा काढण्याआधी जुना आहे का ते शोधा, आणि शोधताना ‘औरंगाबाद’ आणि ‘उस्मानाबाद’ घालूनही बघा. शहरांची नावं बदलली तरी नोंदीत जुना पत्ता असू शकतो.

आता खरं काम. अर्जाला एकूण 100 गुण, पात्र ठरायला किमान 60. त्यातले 30 गुण ‘सुसंगतता’ या निकषाला आहेत आणि त्यात निम्मे, म्हणजे 15, मिळाले नाहीत तर बाकी अर्ज कितीही उत्तम असो, तो बाद होतो. प्रकल्पाची गरज काय, हे या भागात सांगायचं असतं. मीही इथेच सर्वांत जास्त अडखळलो आहे आणि आजही पहिला वेळ या पानाला देतो.

आपल्याकडे या पानाची सुरुवात ठरलेली असते: ‘मराठवाडा हा दुष्काळप्रवण व मागास विभाग असून...’ मग 2016 साली मिरजेहून लातूरला पाणी घेऊन आलेली रेल्वे, मग राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मधले दोन परिच्छेद. सगळं खरं आहे, पण ती गरज प्रदेशाची झाली. हा निधी दुष्काळ हटवायला नाही आणि संशोधनालाही नाही. तो विद्यापीठाची शिकवण्याची आणि कारभाराची क्षमता वाढवायला आहे. परीक्षक विचारतो: या परिस्थितीत तुमच्या विद्यापीठाला नेमकं काय जमत नाही, आणि ते परदेशी भागीदाराशिवाय का जमणार नाही?

उदाहरण घेऊ. समजा पाणी व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम सुधारायचा आहे. अभ्यासक्रमात भूजलमापन आहे, पण विद्यार्थी ते फळ्यावरच शिकतो. विभागातल्या शिक्षकांपैकी एखाद्यानेच विहिरीवर उभं राहून पाणीपातळी मोजलेली असते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे निरीक्षण विहिरींच्या नोंदी असतात, पण त्या वर्गात वापरायची सोय नाही. पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मुलाला गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडता येत नाही. ही झाली गरज, कारण यातलं प्रत्येक वाक्य कागदाने दाखवता येतं: प्रात्यक्षिकांच्या वह्या, शिक्षकांच्या प्रशिक्षणाच्या नोंदी, माजी विद्यार्थी आज काय करतात त्याची यादी. हे सगळं विभागाच्या कपाटात आहे. आठवडाभर बसून काढा. सल्लागाराला पैसे देऊन हे पान लिहून घेऊ नका. तो पुन्हा मागासलेपणच लिहील.

याच पानावर परदेशी भागीदाराचं कारणही ठरतं. आपला बहुतेक भूभाग बेसॉल्टचा आहे. पाणी खडकाच्या भेगांत आणि झिजलेल्या थरात साठतं. वाळूच्या सलग थरातल्या भूजलासाठी बेतलेला युरोपातला धडा इथे जसाच्या तसा चालणार नाही. म्हणजे त्यांच्याकडून मोजमाप शिकवण्याची पद्धत घ्यायची आणि कठीण खडकातल्या भूजलाचा अनुभव आपण द्यायचा. असं दोन्हीकडून देणं-घेणं लिहिलं की आपण हात पसरणारे राहत नाही, आणि गुणही मिळतात.

भागीदार यानंतर शोधा, आधी नाही. परिषदेत कार्ड दिलं म्हणून कुणाला घेऊ नका. युरोपातल्या विद्यापीठांपेक्षा आपल्याकडच्या देशांतली विद्यापीठं कमी असून चालत नाही, हा नियम आहे. परभणीचं कृषी विद्यापीठ, छत्रपती संभाजीनगरची वाल्मी (जल व भूमी व्यवस्थापन संस्था) अशा संस्था विषयानुसार जवळच सापडतात.

पैशाच्या वाटेबद्दल कुणी वेळेवर बोलत नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. हा परदेशी निधी आहे आणि त्याला परकीय योगदान नियमन कायदा, 2010 लागू होतो. कायद्याने स्थापन झालेल्या आणि कॅगचं ऑडिट सक्तीचं असलेल्या संस्थांना सूट आहे. तुमचं विद्यापीठ त्यात बसतं का, हे वित्त व लेखा अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या. संस्थाचालकांच्या महाविद्यालयांना मात्र स्वतःची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि दिल्लीच्या स्टेट बँक मुख्य शाखेत खातंही. 2020 च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला मिळालेला परकीय पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. ‘विद्यापीठ पैसे घेईल आणि मग पाच महाविद्यालयांना वाटेल’ ही मांडणी अर्जात दिसली की मी ती तिथेच खोडतो. प्रत्येक संस्थेचा वाटा थेट तिच्याच खात्यात यावा, आणि जिला परवानगी नाही तिला विनानिधी सहयोगी म्हणून घ्यावं.

बजेट ठोक रकमेचं असतं. निधी जास्तीत जास्त 90 टक्के मिळतो. उरलेल्याची तरतूद व्यवस्थापन परिषदेच्या ठरावात आधीच करून ठेवा. पैसे कामाच्या गटानुसार (वर्क पॅकेज) मिळतात आणि असा गट अपुरा राहिला तर त्याची रक्कम कापली जाते. म्हणून ‘नवा अभ्यासक्रम लागू’ हे फलित पहिल्या वर्षात टाकू नका. अभ्यास मंडळ, विद्याशाखा, विद्या परिषद अशी फाईल सरकायला किती महिने लागतात ते आपल्याला माहीत आहे, ब्रुसेल्सला नाही. पहिल्या वर्षात मसुदा आणि शिक्षक प्रशिक्षण ठेवा, मंजुरी दुसऱ्या वर्षात.

अंतिम तारीख साधारणपणे फेब्रुवारीत येते, ब्रुसेल्सच्या घड्याळाने संध्याकाळी 5 वाजता, म्हणजे आपल्याकडे रात्री 9:30. चार दिवस आधीच एकदा अर्ज दाखल करून टाका. मुदत संपेपर्यंत सुधारित प्रत पुन्हा टाकता येते आणि शेवटची प्रतच ग्राह्य धरली जाते.