इंग्लंडमध्ये मुलाला सरकारी शाळेच्या पहिल्या वर्गात घालताना

नोकरीच्या निमित्ताने इंग्लंडमध्ये आलेल्या कुटुंबात मूल तीन वर्षांचे झाले की शाळेचा विषय निघतो, आणि भारतातील सवयीप्रमाणे पालक थेट शाळेच्या कार्यालयात चौकशीला जातात. येथे मात्र ‘रिसेप्शन’ या पहिल्या वर्गाचा अर्ज आपण राहतो त्या भागातील कौन्सिलकडे, म्हणजे स्थानिक प्रशासनाकडे, करायचा असतो. पसंतीची शाळा शेजारच्या कौन्सिलच्या हद्दीत असली तरीही अर्ज आपल्याच कौन्सिलकडे जातो. सरकारी शाळेत शुल्क, देणगी आणि प्रवेशासाठीची मुलाखत यांपैकी काहीही नसते. व्हिसावर सार्वजनिक निधीचा लाभ घेता येणार नाही अशी अट असते, ती वाचून काही पालक बिचकतात. परंतु सरकारी शाळेतील शिक्षण त्या अटीत मोडत नाही.

चौथा वाढदिवस झाल्यानंतर येणाऱ्या सप्टेंबरमध्ये मूल रिसेप्शनमध्ये जाते. म्हणजे १ सप्टेंबर २०२२ ते ३१ ऑगस्ट २०२३ या काळात जन्मलेली मुले सप्टेंबर २०२७ मध्ये शाळेत जातील आणि त्यांच्यासाठी अर्जाची अंतिम तारीख १५ जानेवारी २०२७ असेल. निर्णय १६ एप्रिलला कळतो. उशिरा आलेल्या अर्जांचा विचार सहसा वेळेत आलेल्या अर्जांनंतर होतो, तेव्हा ही तारीख चुकवू नये. मूल एखाद्या शाळेच्या नर्सरीत जात असले तरी त्याच शाळेच्या रिसेप्शनसाठी वेगळा अर्ज करावाच लागतो. नर्सरीतील जागा पुढच्या प्रवेशाची हमी देत नाही.

अर्जात किमान तीन शाळा क्रमाने लिहिता येतात, लंडनमध्ये सहापर्यंत. एकच शाळा लिहिली तर तिच्यावर आपला आग्रह ठसतो, हा समज आपल्या लोकांत बराच पसरलेला आहे आणि तो नुकसान करणारा आहे. आपण कोणत्या शाळेला कितवा क्रम दिला याचा प्रवेश ठरवताना विचार होत नाही. प्रत्येक शाळा आपल्या जाहीर निकषांनुसारच मुलांची क्रमवारी लावते, आणि एकाहून अधिक शाळांत जागा मिळत असेल तर आपल्या क्रमातील वरची शाळा कौन्सिल देऊ करते. लिहिलेल्या कोणत्याच शाळेत जागा नसेल, तर जेथे जागा शिल्लक आहे अशी शाळा मिळते आणि ती घरापासून बरीच लांब असू शकते. म्हणून मनातली शाळा अवश्य वर लिहावी, पण जेथे प्रवेशाची खरी शक्यता आहे अशी जवळची एक शाळा यादीत असलीच पाहिजे.

ही शक्यता ओळखण्यासाठी निकष वाचावेत. जागांपेक्षा अर्ज अधिक आले की सरकारी देखरेखीखालील मुलांना प्रथम प्राधान्य मिळते. त्यानंतर बहुतेक शाळांत आधीपासून तेथे शिकणारी भावंडे आणि मग घराचे अंतर पाहिले जाते, तर धार्मिक शाळा उपासनास्थळातील उपस्थितीही विचारात घेऊ शकतात. मागील वर्षी अंतराच्या निकषावर प्रवेश मिळालेल्या शेवटच्या मुलाचे घर किती दूर होते, ही माहिती अनेक कौन्सिल प्रसिद्ध करतात. माझ्या मते भाड्याचे घर ठरवण्यापूर्वीच ती पाहावी, कारण करार झाल्यावर तिचा उपयोग उरत नाही. नातेवाइकांचा पत्ता देण्याचा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नये. पत्ता खोटा निघाल्यास देऊ केलेली जागा काढून घेतली जाते. पत्त्याचा पुरावा म्हणून सहसा भाडेकरार आणि कौन्सिल टॅक्सचे बिल मागतात, त्यासोबत मुलाचा जन्मदाखला तयार ठेवावा.

मूल अजून भारतात असेल, तर पुढे कोठे राहणार यावर बहुतेक कौन्सिल भरवसा ठेवत नाहीत. अशा वेळी येथे येऊन घर घेतल्यावर वर्षाच्या मध्ये प्रवेशासाठी अर्ज करावा. तो कोठे करायचा, कौन्सिलकडे की शाळेकडे, हे स्थानिक पद्धतीवर अवलंबून असते.

मिळालेली शाळा मनासारखी नसली तरी ती स्वीकारावी. त्यामुळे पसंतीच्या शाळेच्या प्रतीक्षायादीतील स्थान कमी होत नाही. ही यादी किमान ३१ डिसेंबरपर्यंत चालू राहते आणि तिच्यातील क्रम निकषांनुसार लागतो, त्यामुळे नंतर आलेले जवळचे मूल आपल्या पुढे जाऊ शकते. अपील करण्याचा हक्क आहे, पण रिसेप्शनसारख्या लहान मुलांच्या वर्गात एका शिक्षकामागे ३० मुलांची कायदेशीर मर्यादा असल्याने ते मान्य होणे अवघड असते.

१ एप्रिल ते ३१ ऑगस्ट या काळात जन्मलेल्या मुलाला एक वर्ष उशिरा रिसेप्शनमध्ये घालण्याची विनंती करता येते. मूल फारच लहान वाटत असेल तर तिचा गंभीरपणे विचार करावा, मात्र नेहमीच्या मुदतीतला अर्जही भरून ठेवावा.

प्रवेश झाल्यावर भारतभेटीच्या तारखा शाळेच्या सुट्ट्यांशी जुळवून घ्याव्या लागतात. मूल पाच वर्षांचे झाले की पुढील सत्रापासून उपस्थिती सक्तीची होते, आणि परवानगीविना पाच शाळादिवस बुडाल्यास प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे ८० पौंड दंड होऊ शकतो. २१ दिवसांत न भरल्यास तो १६० पौंड होतो. लग्नकार्यासाठी सत्राच्या मध्ये जाणे अटळ असेल, तर विमानाची तिकिटे काढण्यापूर्वीच मुख्याध्यापकांकडे लेखी परवानगी मागावी.