या चुका टाळा: जुना कार्टून गेम अडला, म्हणजे कॅसेट बिघडली असं नाही

‘डकटेल्स’ या जुन्या व्हिडिओ गेममध्ये चंद्राच्या स्टेजला एक भिंत लागते. अंकल स्क्रूज तिच्यापाशी येतो आणि तिथेच खुंटतो. काठी आपटा, उड्या मारा, मागे जाऊन पुन्हा या, भिंत ढिम्म. लहानपणी मी हिशेब सोपा केला होता, कॅसेट खराब. मग ती काढायची, फुंकर मारायची, शर्टाला पुसायची, परत लावायची आणि सगळी स्टेज पहिल्यापासून खेळून त्याच भिंतीपाशी यायचं. हे किती दिवस चाललं ते सांगायला लाज वाटते. कॅसेट ठणठणीत होती. वाटेत जे परग्रहवासीयांचं यान लागतं, त्यात शिरून एक रिमोट शोधायचा असतो. तो जवळ असला की भिंतीपाशी स्क्रूजचा साथीदार गिझ्मोडक येतो आणि ती फोडून देतो.

जुन्या कार्टून गेमच्या बहुतेक तक्रारी याच जातीच्या असतात. दोष मशीनमध्ये आहे, कॅसेटमध्ये आहे, टीव्हीत आहे, आपल्या बोटांत आहे की गेम बनवणाऱ्यांनीच मुद्दाम खोडी काढली आहे, हे न ठरवता आपण हाताला लागेल ते दुरुस्त करायला घेतो. (कॅसेट म्हणजे कार्ट्रिज. पण कार्ट्रिज म्हणत कोण मोठं झालंय?) एक साधी खूण लक्षात ठेवा. गेम दर वेळी नेमक्या त्याच जागी अडत असेल आणि बाकी चित्र-आवाज नीट असेल, तर आधी खेळात उत्तर शोधा. कुठेही, कधीही गोठत असेल, चित्रात कचरा दिसत असेल, तर सफाईकडे वळा.

कार्टून मुलांचं, म्हणून गेम सोपा?

ही सगळ्यात महागात पडणारी समजूत. पाकिटावर बदक आहे, सिंहाचं पिल्लू आहे, म्हणजे तासाभरात संपेल असं धरून माणूस बसतो आणि दुसऱ्याच स्टेजला रिमोट आपटतो.

1994चा ‘लायन किंग’ घ्या. पहिली स्टेज गोडीगुलाबीने पार पडते. दुसरीत गुलाबी माकडं येतात. ती सिंबाला पकडून एकमेकांकडे फेकतात आणि बहुतेक जण तिथेच तासन्‌तास गोल गोल फिरत राहतात. उडी चुकतेय असं वाटतं, पण इथे उडीचा संबंधच नाही. माकडावर डरकाळी फोडली की ते तोंड फिरवतं, आणि ते ज्या बाजूला तोंड करून असेल तिकडे सिंबाला फेकतं. म्हणजे हे कोडं आहे. आधी कोणत्या माकडाला वळवायचं, मग कुठून उडायचं, याचा क्रम लावावा लागतो. डरकाळीचं मीटर भरेपर्यंत थांबा, घाईने बटण दाबू नका. आणि चिडचिड झालीच, तर स्वतःला दोष देऊ नका. ही स्टेज मुद्दाम अवघड केली होती, असं ती बनवणाऱ्यांनीच पुढे सांगितलं आहे. त्या काळी गेम भाड्याने मिळायचे. भाड्याच्या दोन दिवसांत मुलांनी गेम संपवला तर तो विकत कोण घेणार? त्याच गेमच्या शेवटी खलनायक स्कारला पंजे मारमारून थकलेले लोकही मला भेटले आहेत. नुसत्या पंजांनी तो संपत नाही. त्याला आधी दमवा, मग कड्याच्या काठाशी उचलून खाली फेका.

‘डकटेल्स’ (कॅपकॉम, 1989) तसा मवाळ, पण त्याची खरी गोम काठीवरच्या उड्यांमध्ये आहे. एनइएसवरच्या (निन्टेंडोचं जुनं गेम मशीन) मूळ गेममध्ये आधी उडी मारायची आणि हवेत असताना खालची दिशा व बी बटण एकत्र दाबून धरायचं. दोन्हींपैकी एक दाबायचं राहिलं की स्क्रूज साधा खाली येतो आणि शत्रूच्या डोक्यावर उसळण्याऐवजी स्वतःच मार खातो. ‘काठी लागतच नाही, बटण गेलंय वाटतं’ ही तक्रार बहुधा इथूनच येते. 2013च्या नव्या आवृत्तीत ही उडी एका बटणावर आणली आहे. तिच्यावर हात बसलेला माणूस मूळ गेमकडे आला की हमखास फसतो. बटण तपासायचं असेल तर काठीने एखादा दगड टोलवून बघा. टोला बसला तर बटण शाबूत आहे. हिमालयाच्या स्टेजला मात्र भुसभुशीत बर्फावर या उड्या मारू नका, काठी बर्फात रुतते. तोही बिघाड नाही. आणि आफ्रिकेच्या खाणीत ‘किल्ली आणा’ असं सांगून परत पाठवलं, तर ती ट्रान्सिल्व्हेनियात आहे. खाणीतली प्रत्येक फट चाचपण्यात अर्थ नाही.

मग ते कुप्रसिद्ध धरण. एनइएसवरच्या ‘निन्जा टर्टल्स’मध्ये (1989) दुसऱ्या भागात पाण्याखालचे 8 बॉम्ब निकामी करायला 2 मिनिटं 20 सेकंद मिळतात, आणि दोन्ही बाजूंना वीज मारणारं शेवाळ. इथे सर्रास होणारी चूक म्हणजे एकच लाडका कासव घेऊन शेवटपर्यंत पोहणं. चौघांची ताकद वेगवेगळी मोजली जाते. स्टार्ट दाबून कासव बदलता येतो. एकाची पट्टी निम्म्यावर आली की दुसऱ्याला पुढे करा. मार टाळता येत नसेल तर तो चौघांत वाटून घ्या. डोनाटेलोला मात्र पाण्यात झिजवू नका. त्याच्या काठीची पोच सगळ्यांत लांब आहे आणि पुढे जमिनीवर ती पदोपदी लागते. एखादा कासव हरला तर तो मरत नाही, पकडला जातो, आणि नंतर सोडवता येतो. हे माहीत नसल्यामुळे लोक उगाच रीसेट दाबतात.

कधी कधी दोष खरंच गेमचा असतो. याच गेमच्या जुन्या डॉस संगणकावरच्या आवृत्तीत गटाराच्या स्टेजला एक उडी आहे, जी चीट केल्याशिवाय पार होतच नाही. तिथे कितीही सराव केला तरी व्यर्थ.

नाव एकच, गेम भलताच

हा घोळ विकत घेताना होतो. तुम्हाला आठवतो तलवार फिरवणारा, सफरचंदं फेकणारा अल्लादीन. तुम्ही सुपर निन्टेंडो या मशीनची कॅसेट आणता, लावता, आणि तलवार गायब. इथला अल्लादीन शत्रूंच्या डोक्यावर उड्या मारतो, खांबांना झोके घेतो. कॅसेट नकली नाही. 1993मध्ये एकाच चित्रपटावरून दोन वेगळ्या कंपन्यांनी दोन वेगळे गेम केले. सेगा मेगा ड्राइव्हवरचा व्हर्जिनचा, सुपर निन्टेंडोवरचा कॅपकॉमचा. दुसऱ्याचा आराखडा शिंजी मिकामींचा, ज्यांनी पुढे ‘रेसिडेंट इव्हिल’ केला. कोणता चांगला यावर लोक अजून हमरीतुमरीवर येतात. माझं मत विचाराल तर चित्रं मेगा ड्राइव्हची, खेळ सुपर निन्टेंडोचा. 2019मध्ये ‘अल्लादीन’ आणि ‘लायन किंग’ एकत्र नव्याने आले, तेव्हा त्यात कॅपकॉमचा अल्लादीन नव्हता. तो 2021च्या वाढीव संचात आला. तेव्हा पाकिटावरचं वर्ष बघा.

याच्या उलटही घडतं, पाकिटं तीन आणि आत गेम एक. केमको या कंपनीने एक कोड्यांचा गेम जपानमध्ये रॉजर रॅबिट घालून काढला, तोच अमेरिकेत बग्स बनीचा झाला. पुढच्या एका गेममध्ये जपानला मिकी माउस, अमेरिकेला ‘रिअल घोस्टबस्टर्स’ आणि युरोपला गारफिल्ड मिळाला. कारण निव्वळ परवान्याचं. कोणतं पात्र कोणत्या देशात कोणाकडे, यावर नायक ठरायचा. संग्रह करणाऱ्यांनी हे आधी तपासावं, नाहीतर तीन वेगळे गेम घेतल्याच्या आनंदात एकच गेम तीनदा घरी येतो. गेम बॉय कलर या हातातल्या मशीनवरच्या तीन ‘पॉवरपफ गर्ल्स’चं वेगळं आहे. तिथे प्रत्येक कॅसेटमध्ये खेळायला वेगळी बहीण आहे. ‘बॅड मोजो जोजो’ घेतलात तर ब्लॉसम मिळेल. बबल्स हवी असेल तर ती ‘बॅटल हिम’मध्ये.

फुंकर

फुंकर मारून कॅसेट चालते, हा आपल्या पिढीचा श्रद्धेचा विषय. चालायची ती फुंकरीने नव्हे, काढून परत लावल्याने. पिना पुन्हा नीट टेकायच्या, एवढंच. फुंकरीतली ओल मात्र आत राहते आणि धातूचे पट्टे हळूहळू गंजतात.

साफ करायचं तर कानातल्या काडीच्या कापसावर 90 टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, पट्ट्यांवर वर-खाली घासा, काडी काळी झाली की बदला आणि ती पांढरी निघेपर्यंत थांबू नका. पूर्ण वाळल्यावरच कॅसेट लावा. पॉलिश पेपर, चाकूचं टोक, नाणं यातलं काहीही लावू नका. पट्ट्यावरचा मुलामा एकदा गेला की गेला. कॅसेट उघडायचीच वेळ आली तर निन्टेंडोच्या कॅसेटला 3.8 मिमीचा खास बिट लागतो. पेनाची नळी वितळवून स्क्रू काढायचा जो प्रकार लोक करतात, त्यात कॅसेटच विद्रूप होते.

एनइएसचा लाल दिवा लुकलुकतोय आणि पडदा सेकंदासेकंदाला चालू-बंद होतोय? याला लोक पॉवरचा बिघाड समजतात. प्रत्यक्षात मशीनमधली कुलूप-चिप (परवाना नसलेल्या कॅसेट रोखणारी) कॅसेटमधल्या चिपशी बोलू शकत नाही, म्हणून ती मशीन पुन्हा पुन्हा रीसेट करते. मूळ कारण बहुतेक वेळा तेच, मळलेले पट्टे किंवा आतला 72 पिनांचा सैल झालेला कनेक्टर. फॅमिकॉमची, म्हणजे एनइएसच्या जपानी भावाची, कॅसेट 60 पिनांची असते. ती एनइएसमध्ये बसत नाही म्हणून जोर लावू नका.

अडाप्टर

इथे चूक केलीत तर दुरुस्तीच उरत नाही, म्हणून थोडक्यात पण कान धरून सांगतो. प्लग बसला म्हणजे अडाप्टर चालतो असं नाही. एनइएसचा मूळ अडाप्टर 9 व्होल्ट एसी देतो, बाकी बहुतेक गेम मशीनना डीसी लागतो. आणि सेगाची खोडी अशी की मेगा ड्राइव्हच्या पहिल्या मॉडेलच्या प्लगमध्ये मधली पिन ऋण, दुसऱ्या मॉडेलमध्ये धन. नाव तेच, ध्रुव उलटे. मशीनच्या पोटावरचा आणि अडाप्टरवरचा, दोन्हीकडचा मजकूर जुळवून मगच बटण दाबा.

टीव्ही आणि वेग

‘उडी उशिरा लागते’ ही तक्रार नव्या सपाट टीव्हीवर जवळजवळ ठरलेली. टीव्ही चित्र सजवण्यात काही क्षण घालवतो. सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा, बाकीची सगळी चित्र-सुधारणा बंद करा. तरी उशीर जाणवला तर जुना डबा टीव्ही शोधा. त्याला या बाबतीत अजून तोड नाही.

गेम मंद वाटतोय, संगीतही रेंगाळतंय? मग कॅसेट आणि मशीन युरोपच्या पाल या टीव्ही-पद्धतीची आहेत का बघा. ती 50 हर्ट्झवर चालते, अमेरिका-जपानची 60वर. न बदलता आणलेला गेम पालवर साधारण 17 टक्के हळू पळतो. व्हिडिओ बघून पाठ केलेल्या उड्यांची वेळ चुकते ती यामुळे. टर्टल्सची कॅसेट ओळखणं सोपं आहे. त्या काळी युरोपात बहुतेक ठिकाणी ‘निन्जा’ शब्द काढून ‘हीरो टर्टल्स’ छापायचे.

सेव्ह होत नाही

आधी विचारा, सेव्ह होण्याची सोय होती का? ‘डकटेल्स’ आणि ‘रेस्क्यू रेंजर्स’मध्ये सेव्हही नाही आणि पासवर्डही नाही. एका बैठकीचे गेम आहेत ते. जिथे पासवर्ड आहे तिथे तो वहीत लिहू नका, फोटो काढा. शून्य आणि ओ, एक आणि आय यांच्या गोंधळात किती संध्याकाळी गेल्या असतील! बॅटरीवाल्या कॅसेटमध्ये, म्हणजे कार्टूनच्या अंगाने नव्याने बेतलेल्या ‘पोकेमॉन यलो’सारख्या गेममध्ये, सेल संपला की नोंदी जातात, आणि सेल बदलायला काढला की उरलेल्याही जातात. आधी कॅसेट-रीडरने नोंदी उतरवून घ्या, मग सेलला हात लावा. एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, खेळत असाल तर जुनी सेव्ह-स्टेट (त्या क्षणाची अख्खी नोंद) उघडताना जपा. तिच्याबरोबर गेममधली सेव्हही जुनी होऊन बसते.

शेवटचा प्रकार प्लेस्टेशनचा. ‘रगरॅट्स: सर्च फॉर रेप्टार’ (1998) प्लेस्टेशन 2वर झकास चालतो, पण सेव्ह करायला गेलात की मेमरी कार्डच सापडत नाही म्हणतो. कार्ड बिघडलेलं नसतं. पहिल्या प्लेस्टेशनच्या गेमला कार्डही पहिल्याच प्लेस्टेशनचं लागतं, 15 ब्लॉकवालं. प्लेस्टेशन 2च्या कार्डावर त्या सेव्हची प्रत नुसती जपून ठेवता येते. खेळायच्या वेळी ती परत जुन्या कार्डावर आणावीच लागते.