हायपो का हायपर? रिपोर्टमधला शब्द फोडून कसा वाचायचा

"अगं, टीएसएच अकरा आलंय, पुढे एच छापलाय, एच म्हणजे हायच ना, आणि डॉक्टर म्हणतायत तुम्हाला हायपो आहे. मग हे वाढलंय का कमी झालंय? का लॅबवाल्यांनी दुसऱ्याच कुणाचा रिपोर्ट दिलाय?"

मावशीचा हा फोन मला बसमध्ये आला आणि खरं सांगायचं तर दोन मिनिटं मलाही उत्तर देता येईना. थायरॉइडचे पेशंट घरोघरी आहेत आणि हा घोळही घरोघरी होतो, म्हणून तो आधी सोडवू आणि मग शब्दांकडे वळू. टीएसएच हे हार्मोन थायरॉइड ग्रंथी बनवतच नाही, ते मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी सोडते, थायरॉइडला कामाला लावायला. आता पोरगं आळशी असलं की आई काय करते, हाका वाढवते, आवाज चढवते. तसंच थायरॉइड कमी काम करायला लागली की पिट्युटरी टीएसएच वाढवते. म्हणजे रिपोर्टवरचा तो एच आईच्या आवाजाचा आहे आणि डॉक्टरांचा हायपो पोराच्या कामाचा. दोन्ही बरोबर, रिपोर्टही तिचाच. आणि याच्या उलट, थायरॉइड जास्त काम करायला लागली म्हणजे हायपरथायरॉइड, तर टीएसएच बहुतेक वेळा एकदम खाली गेलेलं दिसतं.

तेव्हापासून मी हे शब्द फोडून वाचायची सवय लावून घेतली. हायपो आणि हायपरचे सगळे शब्द पाठ करायला गेलात तर संपणार नाहीत, पण फोडायची रीत एकदा कळली की न ऐकलेल्या शब्दाचाही साधारण अंदाज येतो. ती रीत अशी.

पायरी १: आधी दोघांना वेगळं ओळखा

दोन्ही तुकडे ग्रीक भाषेतले. हायपो म्हणजे खाली, हायपर म्हणजे वर. आता हे लक्षात ठेवायला आपल्याला इंग्रजी मीडियमवाल्या पोरांपेक्षा सोपं जातं, कारण हे दोघे आपल्या नात्यातलेच आहेत. ग्रीकमधला हायपो म्हणजे संस्कृतमधला 'उप' आणि ग्रीकमधला हायपर म्हणजे संस्कृतमधला 'उपरि'. (लगेच 'ग्रीक लोकांनी आपल्याकडून नेलं' असा फॉरवर्ड करू नका, तसं नाहीये, दोन्ही भाषा एकाच जुन्या भाषेच्या लेकी, म्हणजे एकमेकींच्या बहिणी.) लॅटिन ही तिसरी बहीण, तिच्याकडे तेच सब आणि सुपर झाले. आणि उपरिचं प्राकृतात उवरि होऊन मराठीत काय उरलं? 'वर'. म्हणजे हायपरचं भाषांतर 'वर' असं करताना आपण त्याच्या सख्ख्या भावंडालाच हाक मारत असतो.

भाषाशास्त्र नको असेल तर एवढंच धरा की हायपरच्या शेवटी र आहे आणि वरच्याही शेवटी र आहे. र आला की वर. मावशीला हे एकदाच सांगितलं, परत सांगावं लागलं नाही.

पायरी २: शेपटी पकडा, मग मधला तुकडा

शब्द पुढून वाचायला गेलं की जीभ अडखळते, म्हणून शेवटाकडून सुरू करा. रक्ताच्या रिपोर्टमधल्या शब्दांना बहुतेक वेळा 'एमिया' ही शेपटी असते, ती रक्ताची, ग्रीकमध्ये रक्त म्हणजे हायमा. आता हायपोग्लायसेमिया घ्या. शेवटी रक्त, मध्ये ग्लायको म्हणजे गोड, पुढे हायपो म्हणजे खाली. रक्तातला गोडवा खाली गेला, म्हणजे शुगर लो झाली. हायपरग्लायसेमिया, शुगर वर गेली. झालं.

मधला तुकडा कधीकधी ग्रीक नसतो तिथे जरा अडतं. हायपोनेट्रेमिया यातलं नेट्र म्हणजे नेट्रियम, सोडियमचं लॅटिन नाव, शाळेत सोडियमची खूण एन-ए का असा प्रश्न पडला असेल तर त्याचं उत्तर हेच. हायपोकॅलेमियातलं कॅल म्हणजे कॅलियम, म्हणजे पोटॅशियम, त्याची खूण के. इथे लोक हमखास फसतात, कॅल दिसलं की कॅल्शियम समजतात, पण कॅल्शियम कमी झालं तर त्याला हायपोकॅल्सेमिया म्हणतात, मध्ये 'स' आहे बघा. एका अक्षराचा फरक आणि गोष्ट पूर्ण वेगळी.

हे नुसतं शब्दकोड्यापुरतं नाहीये. सोडियम साधारण १३५ ते १४५ मध्ये असावं लागतं, ते खाली घसरलं की म्हातारी माणसं असंबद्ध बोलायला लागतात, तोल जातो, आणि घरचे म्हणतात वयामुळे होतंय. बीपीसाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांमध्ये हे बऱ्याचदा दिसतं. पोटॅशियम ३.५ ते ५ च्या आसपास असावं, आणि किडनीच्या पेशंटला हायपरकॅलेमिया म्हणजे ते वर जायची भीती असते म्हणून डॉक्टर त्यांना नारळपाणी बंद करायला सांगतात. आपण मात्र आजारी माणसाला भेटायला जाताना पहिलं काय नेतो तर शहाळं.

हायपरटेन्शनचं मात्र वेगळंच दुखणं आहे. आपल्याकडे टेन्शन हा शब्द इतका मराठी झालाय की हायपरटेन्शन म्हणजे जास्त टेन्शन घेण्याचा आजार असं भलेभले समजतात आणि मग 'मला कसलं टेन्शन, मी मजेत असतो, गोळी कशाला' म्हणून गोळी सोडून देतात. यातलं टेन्शन मनाचं नाही, रक्तवाहिन्यांमधल्या दाबाचं, ताणाचं आहे. दवाखान्यात बीपी पुन्हापुन्हा १४० बाय ९० किंवा त्याच्या वर भरलं तर ते हायपरटेन्शन, मग तुम्ही कितीही मजेत असा. हायपोटेन्शन म्हणजे बीपी लो, साधारण ९० बाय ६० च्या खाली.

पायरी ३: विचारा, कशाच्या खाली?

ही पायरी बरेच जण गाळतात आणि गाडी इथेच घसरते. 'खाली' दोन प्रकारचं असतं, एक प्रमाणाने खाली म्हणजे कमी, आणि दुसरं जागेने खाली म्हणजे एखाद्या गोष्टीच्या तळाशी. वर सांगितलेले सगळे पहिल्या प्रकारचे. पण हायपोडर्मिक इंजेक्शन म्हणजे कमी कातडीचं इंजेक्शन नव्हे, डर्मा म्हणजे कातडी, कातडीच्या खाली द्यायचं ते. इन्सुलिनच्या खोक्यावर सबक्युटेनियस लिहिलेलं असतं तो याच अर्थाचा लॅटिन शब्द, एवढाच फरक. हायपोथॅलॅमस म्हणजे कमी थॅलॅमस नाही, मेंदूतल्या थॅलॅमसच्या खालचा भाग, जो भूक, तहान, शरीराचं तापमान सांभाळतो आणि मघाच्या त्या पिट्युटरीलाही हुकूम सोडतो.

मग ओळखायचं कसं? माझी ढोबळ युक्ती अशी की मधला तुकडा मोजता येण्यासारखा असेल (साखर, मीठ, दाब, उष्णता, ऑक्सिजन) तर कमी-जास्त, आणि बोट ठेवून दाखवता येणारा अवयव किंवा थर असेल तर खाली-वर. बहुतेक वेळा चालते. थायरॉइड अपवाद, तो अवयव आहे पण बोलणं त्याच्या कामाबद्दल चाललेलं असतं.

दवाखान्याबाहेर बघितलंत तर जागेचेच शब्द जास्त सापडतात. भूमितीतला कर्ण, त्याला इंग्रजीत हायपोटेन्यूज म्हणतात, तो काटकोनाच्या खाली ताणून बसलेला असतो म्हणून. भूकंपात जमिनीच्या पोटात जिथून हादरा सुरू होतो ते हायपोसेंटर, आपल्या भूगोलाच्या पुस्तकातली भूकंपनाभी, आणि तिच्या बरोब्बर वर जमिनीवरची जागा ती एपिसेंटर, अपिकेंद्र. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला भूकंप झाला त्याची नाभी खोल नव्हती, हादरा जमिनीच्या फार खालून आला नाही, एवढा विध्वंस व्हायला ते एक कारण, दुसरं दगडमातीची घरं. आणि हायपोथिसिस म्हणजे गृहीतक, शब्दशः 'खाली ठेवलेलं', ज्याच्यावर पुढची मांडणी उभी करायची. हा माझा सगळ्यात आवडता, कारण त्यातलं थिसिस हे संस्कृत 'धा' म्हणजे ठेवणे याच्या नात्यातलं आहे, म्हणजे हायपो अधिक थिसिस बरोबर उप अधिक धा, आणि संस्कृतात उपधान म्हणजे काय तर उशी. डोक्याखाली ठेवतात ती. गृहीतकावर डोकं टेकून झोपणारे संशोधक असतात म्हणा.

हायपरटॉनिक आणि हायपोटॉनिक हे अकरावीत घाम फोडणारे शब्द स्वयंपाकघरात सुटतात. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की तासाभरात पाणी सुटतं, कारण बाहेरचं खारट पाणी फोडीच्या आतल्या रसापेक्षा 'वरचढ' झालं, ते हायपरटॉनिक. बेदाणे साध्या पाण्यात टाकले की टम्म फुगतात, तिथे बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा फिकं, हायपोटॉनिक. सलाइनची बाटली ०.९ टक्के मिठाची असते ती यासाठीच, की रक्तपेशी कैरीसारख्या आकसू नयेत आणि बेदाण्यासारख्या फुगूही नयेत.

पायरी ४: तोतये ओळखा

हिपोपोटॅमसमध्ये हायपो नाही. तिथे हिपो म्हणजे घोडा, पाणघोड्याचं नाव शब्दशः नदीचा घोडा. मेंदूतला हिपोकॅम्पस, जो आठवणी साठवायला लागतो, तो दिसतो समुद्रघोड्यासारखा म्हणून तेही घोड्याचंच. डॉक्टर लोक ज्याच्या नावाने शपथ घेतात त्या हिपोक्रॅटिसच्या नावातही घोडाच. पण हिपोक्रिट म्हणजे ढोंगी, हा उच्चाराने घोड्यांच्या तबेल्यात बांधलेला वाटला तरी जातीचा हायपो आहे, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ नाटकातला नट. म्हणून उच्चारावर जाऊ नका, इंग्रजी स्पेलिंग बघा, वाय आणि एकच पी असेल तर हायपो, आय आणि डबल पी असेल तर घोडा.

दुसरा तोतया हिप्नॉटिझम. वाय आहे, पी पण एकच आहे, तरी हायपो नाही, कारण पी नंतर लगेच एन येतो. हिप्नॉस म्हणजे झोप, आणि आपला 'स्वप्न' हा त्याचा भाऊ.

तिसरा तोतया नाही पण फसवा आहे, क्रीमच्या ट्यूबवरचा हायपोॲलर्जेनिक. हायपो म्हणजे कमी, शून्य नव्हे. 'ॲलर्जी होणारच नाही' असं त्या शब्दात कुठेही म्हटलेलं नाहीये, तेव्हा नवीन क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघा मग तोंडाला फासा. हाच फरक हायपॉक्सिया आणि ॲनॉक्सियात, पहिल्यात ऑक्सिजन कमी पडतो, दुसऱ्यात जवळजवळ नसतोच. कोरोनात ऑक्सिमीटर बोटाला लावून लोक आरामात गप्पा मारतायत आणि आकडा ऐंशीच्या घरात, त्याला तेव्हा हॅपी हायपॉक्सिया म्हणायचे, ते आठवत असेल.

पायरी ५: तोंडी सांगताना हे शब्द वापरूच नका

एवढं सगळं शिकवून असं म्हणतेय म्हणजे विचित्र वाटेल, पण फोनवर 'हायपो झालाय' आणि 'हायपर झालाय' यात रेंज नसेल तर काही फरक ऐकू येत नाही. आणि शुगरच्या बाबतीत दोन्हीचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. म्हणून डॉक्टरांना किंवा घरच्यांना कळवताना 'शुगर कमी झालीय, ५८ आहे' असं मराठीत आणि आकड्यासकट सांगा. ७० च्या खाली म्हणजे कमी. माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल तर साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी परत तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

शब्द फोडता आला म्हणजे निदान करता आलं असं नाही, हेही मावशीला दोनदा बजावलंय, कारण ती आता सोसायटीतल्या सगळ्यांचे रिपोर्ट वाचायला लागलीय.

परवा काकांची पोटाची सोनोग्राफी झाली, उजवीकडे दुखत होतं म्हणून. वर लिहून आलं, राइट हायपोकॉन्ड्रियममध्ये दुखणं. काकांनी ते नेटवर टाकलं, समोर आलं हायपोकॉन्ड्रिया म्हणजे आजाराचा भ्रम, आणि काका चिडले, डॉक्टर मला खोटारडा समजतात म्हणून चपला घालून निघालेच होते. मावशीने त्यांना दारात थांबवलं आणि मला फोन लावला. "हायपो म्हणजे खाली ते मला माहितीये," ती म्हणाली, "आणि हे जागेचं असणार, सोनोग्राफी आहे ना. तू फक्त कॉन्ड्रो म्हणजे काय तेवढं सांग."

कूर्चा, म्हटलं. बरगड्यांची.

"मग बरगड्यांच्या खाली उजवीकडे. लिव्हर, पित्ताशय. अहो, या आत, काढा त्या चपला."